कोंबडा का कोंबडी

कशेळ्याच्या स्टँडवर करवंदं विकणाऱ्या मावशी द्रोण भरण्याआधी गिऱ्हाइकाची परीक्षा घेतात. एक करवंद पुढे धरतात आणि विचारतात, "मास्तर, कोंबडा का कोंबडी?" आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. बरोबर ओळखलं तर मूठभर जास्त. मला आजवर एकदाही ओळखता आलेलं नाही. त्यावर त्यांचं ठरलेलं, "मंग पोरांना शिकवलंत काय तुमी?"

यंदा त्यांची जिरवायची म्हणून, वर्षभर कुंडीत जपलेल्या रास्पबेरीची पहिली आठ फळं मी डब्यातून नेली. निघताना नळाखाली चोळून चोळून धुतली, तिथेच घात झाला. डबा उघडला तर आत लाल चटणी. एकच फळ शाबूत होतं.

मावशींनी ते उलटून पाहिलं. "आतनं पोकळ. हा कोंबडाबी नाय आन् कोंबडीबी नाय." मग चटणीकडे बघून म्हणाल्या, "असलं नाजूक फळ धुतात का, मास्तर? पाखरू धुतं का?"

त्यांनी फळ तोंडात टाकलं. माझं अख्खं वर्ष त्यांच्या दाढेखाली होतं.

"गोड हाय," त्या म्हणाल्या. एक डोळा मात्र बराच वेळ उघडला नाही.