दिवा लागतो, पण गार होत नाही

मी कलबुर्गीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. माठातलं पाणी गार का होतं, हे दरवर्षी नववीच्या पोरांना फळ्यावर आकृती काढून समजावते आणि ज्याला समजत नाही त्याला रागावते. तीच मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भालकीला आईकडे पोचले आणि तिच्या फ्रिजपुढे ढ पोरासारखी उभी राहिले.

दार उघडलं की आतला दिवा लागत होता. पण दुधाचं पातेलं कोमट, दूध नासलेलं आणि बर्फाच्या खणात नुसतं पाणी.

हा फ्रिज मी तिसरीत असताना अप्पांनी हैदराबादेहून टेम्पोत घालून आणला होता. पिस्त्याच्या रंगाचा, गोल खांद्यांचा, दाराला ओढायची जाडजूड मूठ. गल्लीत तो पहिलाच, त्यामुळे उन्हाळ्यात अर्धी गल्ली आमच्याकडे वाटी घेऊन बर्फाला यायची. तो बिघडला की अप्पा मेकॅनिक बोलवत नसत. स्वतः पाठीमागे जाऊन बसत, कुठे सायकलच्या ट्यूबची पट्टी लाव, कुठे तार आवळ, असं करून त्याची समजूत काढत. ज्येष्ठात अप्पा गेले. त्यामुळे यंदा घरात कुठलाच सण धरायचा नव्हता. दसऱ्यालाही दाराला तोरण नव्हतं.

"दुरुस्त होतंय का बघ," आई म्हणाली, "पर नवा आणायचं नाव काढू नको. त्येंनी आणल्यालं हाय."

मी पदर खोचला. प्लग काढून दुसरीकडे लावला. स्टॅबिलायझरचा काटा जागेवर होता. आतलं गोल बटण फिरवलं. त्यावरचे आकडे कधीच पुसले गेले होते. ते कुठल्याही बाजूला फिरत होतं, पण होत काहीच नव्हतं. फ्रिज भिंतीपासून ओढून पाठीमागच्या जाळीची धूळ झाडूने काढली आणि खालच्या काळ्या कंप्रेसरला हात लावला, तर तो चुलीवर कधीच न चढलेल्या हंडीसारखा थंडगार. आत गरम आणि बाहेर गार, असा उलटा कारभार. वीज येतेय, दिवा लागतोय, मग हा का फिरत नाही? काही केल्या मला उलगडेना.

"कधीपासून बंद आहे गं?"

"आसंल दोन दिवस. मला काय म्हाईत."

तीस वर्षांपूर्वी कुणाच्या लग्नात कुणी कुठलं पातळ नेसलं होतं, हे सांगणारी ही बाई. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण मी विज्ञानात गुंतले होते.

दुपारी पहिला मेकॅनिक आला. त्याने बटण दोनदा गरगर फिरवलं, कंप्रेसरला कान लावला आणि म्हणाला, "कंप्रेसर बैठ गया, आपा. इसका सामानच नै मिलता अब."

माझा विश्वास बसेना म्हणून दुसऱ्या दिवशी बाजारातून दुसरा आणला. तो कानडी बोलणारा. त्याने बर्फाच्या खणावर बोटाने टकटक केलं. "ग्यास खाली आग्याद्री, अक्का." म्हणजे गॅसच संपला. मी म्हटलं, अण्णा, गॅस गेला तर गार होणार नाही हे खरं, पण कंप्रेसर निदान घुरघुरायला तरी हवा की नको? त्याने माझ्याकडे पाहिलं ते मोठ्या दयेने. पाठ उघडून बघा म्हटलं, तर म्हणाला, इतकं जुनं मशीन खोललं तर पुन्हा जुळणार नाही.

वैद्य दोन, रोग दोन, औषध मात्र एकच: नवा घ्या. मी पुरती गोंधळले, आणि गोंधळलेला माणूस करतो तेच केलं. जो शेवटचा बोलला त्याचं ऐकलं. दुकानात फोन करून नवा फ्रिज सांगितला. सकाळी टेम्पो येणार, नवा उतरवून जुना घेऊन जाणार. आता आई घर डोक्यावर घेईल म्हणून मी तयारीत होते. ती नुसतं "बरं" म्हणाली. झाकण नसलेला डबासुद्धा जी टाकू देत नाही, ती "बरं" म्हणाली. फ्रिजपेक्षा हे मला जास्त कळेना.

सकाळी उठून पाहते तर आई फ्रिजपुढे पाट टाकून बसलेली आणि त्याचा एकेक कप्पा ओल्या फडक्याने पुसत होती.

"अगं, भंगारात जायलाय त्यो. कामून पुसायलीस?" माझ्याही तोंडी भालकीची बोली आली.

तिने मान वर केली नाही. "माझ्यामुळं मेलाय गं त्यो," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या अवजारांची पूजा होते. विळा, शिलाई मशीन, अप्पांची सायकल. त्या दिवशी त्यांना वापरायचं नाही. फ्रिजलाही झेंडूचं फूल वाहतात हे मला ठाऊक होतं. पण त्यालाही त्या दिवशी बंद ठेवायचं, हे दोघांनी माझ्या लग्नानंतर सुरू केलेलं, त्यामुळे मला कधी कळलंच नव्हतं.

"वरसातनं एक दिवस इसावा नगं का त्येला? नवमीला मी बंद करायचे, दसऱ्याला तुझे अप्पा चालू करायचे. यंदा सण न्हाई, खरंय. पर मुक्या मशीनला काय म्हाईत, घरात दुखवटा हाय म्हनून? हळद न्हाई, कुंकू न्हाई, गुमान बंद केले. दुसऱ्या दिवशी हात जाईना. चालू मी कधी केलंच न्हाई गं. तू इचारलीस तवा सांगायची लाज वाटली. मग त्ये दोघं मेकॅनिक म्हनाले, मेलाय. दुखवट्यात सण केल्याला भोवला."

मला आधी राग आला. दोन दिवस मी कोळ्यांची जाळी खात होते आणि ही गप्प. मग माझीच लाज वाटली. तीसुद्धा दोन दिवस एकटीच हे मनात घेऊन बसली होती.

"पण बंद केलास कशानं? बटण तर नुसतंच फिरतंय."

ती उठली आणि ओट्यावरची सांडशी घेऊन आली. ते बटण आतून कधीच तुटलं होतं, नुसतं शोभेला बसवलेलं. तिने ते उपटून काढलं. खाली बोटभर लोखंडी दांडी होती. ती सांडशीत धरून फिरवायची, हे जगात दोघांनाच माहीत होतं.

"मग फिरव की."

तिने सांडशी माझ्या हातात दिली. "मी न्हाई. त्ये माझं काम न्हाई."

मी दांडी धरली आणि फिरवली. टक् झालं. क्षणभर काहीच नाही. मग फ्रिज अंगभर थरथरला आणि त्याच्यावरचे स्टीलचे पेले किणकिणले, लहानपणी किणकिणायचे तसेच. आईने पदर तोंडाला लावला. मलाही रडू आलं.

टेम्पोवाला आला तेव्हा मी दारातच त्याची माफी मागून त्याला परत पाठवलं. तो बराच वेळ बडबडत होता. आत आले तर आईने पातेल्यात ताजं दूध ओतून फ्रिजमध्ये ठेवलं होतं आणि ती दाराला हात टेकून आवाज ऐकत उभी होती.

"फुडच्या दसऱ्याला येशील न्हवं?" तिने विचारलं. "बंद मी करते. चालू करायला कुनीतर पायजे."