जावेचं फूल

मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं ते प्रयोगशाळेच्या मागे. गुडघ्यांवर बसली होती, हातात शाळेचं भिंग. ती आमच्या प्रयोगशाळेतली मदतनीस. साधा खडूही चिमट्याने उचलायची, म्हणून मुलं तिला चिमटाबाई म्हणत.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"चोर. काल पेरलेल्या बिया मुंग्यांनी पळवल्या, बाई."

मी जीवशास्त्र शिकवायचे. तिला सांगितलं, या रानफुलाच्या बीला एक तेलकट तुकडा चिकटलेला असतो. मुंग्या बी वारुळात नेतात, तेवढाच तुकडा खातात आणि बी टाकून देतात. तिथे ती रुजते. "पण धीर धरा. आधी मातीखाली नुसतं मूळ, मग काही वर्षं एकच पान, मग तीन पानं. फुलायला सात वर्षं तरी लागतात."

"सात! तोवर तिची किती फुलं होतील!"

ती म्हणजे धाकटी जाऊ. लग्न होऊन आली तेव्हा तिने माहेरजवळच्या रानातून हे झाड गड्ड्यासकट आणलं होतं. तीन पानं, त्यांवर तीन पाकळ्यांचं पांढरं फूल. पहिल्याच वर्षी अंगणात फुललं. सासूबाई आल्यागेल्याला सांगत, "धाकटीच्या हाताला गुण आहे हो." थोरली सतरा वर्षं त्या घरात राबत होती, तिच्या हाताबद्दल कधी कुणी बोललं नव्हतं. तिने जावेच्या झाडाचं एक फळ गुपचूप खुडलं आणि घरी कुणी हसू नये म्हणून शाळेत आणून पेरलं. वर मुंग्यांना चोर म्हणत होती!

धाकटी दरवर्षी फुलं पानांसकट खुडून फुलदाणीत ठेवी. हे ऐकून मी दचकले. "अहो, त्या तीन पानांवरच गड्डा वर्षभर जगतो. ती खुडली तर झाड उपाशी मरेल. सांगा तिला."

"मला कुठे कुणी विचारलंय?" ती म्हणाली.

पुढे दर वसंतात ती बातमी आणायची. यंदा दोनच दांडे. यंदा फूल बारकं. सहाव्या वर्षी म्हणाली, "एकच खुरटं पान आलंय, बाई," आणि नळ्या विसळताना गुणगुणत राहिली. मला ते गुणगुणणं आवडलं नाही, पण मीही गप्पच बसले.

आठव्या वर्षी प्रयोगशाळेमागच्या वारुळापाशी तिचं फूल उमललं. तिने मुद्दाम धाकटीला शाळेत बोलावलं. धाकटी वाकून बघतच राहिली.

"अगंबाई, काय देखणं आहे! माझं का गेलं हो, जाऊबाई? काय चुकलं माझं?"

तिच्या बोलण्यात कुसकेपणा नव्हता. चिमटाबाईंना तेच झेपलं नाही. त्या खाली मान घालून म्हणाल्या, "पानं खुडायची नसतात."

"मला काय माहीत!"

"मला होतं. पहिल्यापासून."

धाकटीने पदराने हात पुसले, हाताला काही लागलं नव्हतं तरी. "एकदा माझ्यावर ओरडायचं होतंत," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

चिमटाबाई आता निवृत्त आहेत. धाकटी त्याच घरात वरच्या मजल्यावर राहते, आणि दोघी एकमेकींशी सासूबाईंच्या औषधांपुरतंच बोलतात.