यमाच्या दाढांतलं जेवण

कार्तिकाचे शेवटचे आठ दिवस आणि मार्गशीर्षाचे पहिले आठ. ऋतू बदलतानाच्या या दिवसांना आयुर्वेदात यमदंष्ट्रा म्हणतात, यमाच्या दाढा. जो कमी जेवेल तो त्यांतून सुटेल. नेमकी तेव्हाच थंडीनं भूक खवळते, हा यमाचा खवचटपणा.

पूर्वी मी यावर हसायचो. यंदा बायको रोज थोडं कमी वाढतेय. आज दुपारी ताटात एक भाकरी आणि मुगाच्या वरणाची वाटी, बाकी नुसतं स्टील. खिडकीतलं ऊन त्यावर पडलं आणि त्या मोकळ्या जागेत चेहरा दिसला. माझाच, पण पसरट, गाल ओघळलेले. अगदी अण्णांसारखा.

अण्णा म्हणजे माझे वडील. याच दिवसांत, याच टेबलाशी, "मरायचंच तर उपाशी कशाला?" म्हणत त्यांनी बाजरीची तिसरी भाकरी तुपात कुस्करली होती. त्याच संध्याकाळी ते गेले. डॉक्टर हृदय म्हणाले, आई भाकरी म्हणाली. मी आता त्यांच्या वयाला आलोय.

शरीराला म्हणे ऋतू आपल्याआधी कळतो. मग त्याला आणखी काय काय कळत असेल?

भाकरी संपत गेली तसा चेहरा मोठा होत गेला. शेवटी बायकोलाच राहवलं नाही.

"अजून अर्धी वाढू?"

नको म्हणायला मी तोंड उघडलं. पण ताटातल्या चेहऱ्यानं आधीच मान डोलावली होती.