पाण्याची घंटा

शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मला घेतलं ते शिक्षणामुळे नव्हे, तोंडामुळे. खिचडीत डाळ शोधूनही सापडत नव्हती, म्हणून मी एक दिवस वाटी उचलून थेट मोठ्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. मोठ्या बाई म्हणजे आमच्या पालिका शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या निवडीला पालकांमधून माझंच नाव सुचवलं. ही बया बाहेर ओरडते त्यापेक्षा आत बसून ओरडलेली बरी, असा विचार त्यांनी केला असावा. नवरा म्हणाला, शाळेची वाट लागली. सासरे जुने गिरणी कामगार, संपात घोषणा दिलेले. त्यांना मात्र सुनेचा अभिमान वाटला.

आम्ही घाटकोपरला, साकीनाक्याच्या बाजूच्या टेकडीवर राहतो. शाळा खाली उतरलं की लगेच. मुलगी तेव्हा सातवीत होती. अभ्यासात बरी, बोलण्यात माझ्या अगदी उलट, म्हणजे दहा वेळा विचारलं तर एकदा उत्तर देणार. त्या वर्षी तिला लघवीचा त्रास सुरू झाला. जळजळ, ओटीपोटात कळ, मग थंडी वाजून ताप. गोळ्या घेतल्या की बरं वाटायचं आणि महिना-दोन महिन्यांत पुन्हा तेच. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं की हे असंच चालू राहिलं तर मूत्रपिंडाला धक्का बसेल. पोरीच्या पोटात पाणी जात नाही, तुम्ही लक्ष द्या, म्हणाल्या.

मी घाबरले. घाबरले की मी चिडते, हे घरच्यांना माहीत आहे, त्यामुळे त्या आठवड्यात कोणी माझ्या वाटेला गेलं नाही. फक्त सासऱ्यांनी त्यांचा उपाय सांगितला. ‘चेडवाक गावाक धाड,’ म्हणाले. ‘थंयचा पाणी बरा.’ आठवीला मुलीने गावच्या शाळेत जायचं, आत्याकडे राहायचं. नवऱ्यालाही ते पटायला लागलं होतं. मुलगी रात्री भिंतीकडे तोंड करून रडली. शेवटी असं ठरलं की आणखी एकदा ताप आला तर वर्ष संपल्यावर गावी पाठवायचं. मला ती डोळ्यांसमोर हवी होती. पण तिच्या जिवापुढे माझं हवं-नको कोण विचारतो?

नेमकं त्याच सुमारास शाळेत पाण्याची घंटा सुरू झाली. वरून तसा आदेश आला होता. शाळा चालू असताना मधेमधे घंटा द्यायची, जो तास चालू असेल तो थांबवायचा आणि सगळ्या मुलांनी पाणी प्यायचं. मला तर देवच पावला असं वाटलं. समितीच्या बैठकीत मी टाळ्या वाजवल्या, वर आणखी एक सूचनाही केली. मुलं बाटल्या भरून आणतील आणि भरलेल्याच घरी नेतील, म्हणून शाळा सुटताना वर्गशिक्षकांनी बाटल्या तपासाव्यात. मोठ्या बाईंना सूचना आवडली. लगेच लागू झाली.

मुलीची बाटली रोज रिकामी येऊ लागली. मी ती उलटी करून बघायची, थेंबसुद्धा नसायचा. धन्य वाटायचं. आणि मग एका संध्याकाळी ती पोट धरून बसली आणि अंगाला हात लावला तर चटका बसला. म्हणजे ठरल्याप्रमाणे आता गावच.

दवाखान्यात मी डॉक्टरीणबाईंशी जवळजवळ भांडलेच. पोरगी बाटलीभर पाणी पिते, तुमच्या गोळ्यांतच काही दम नाही, असं काहीबाही बोलले. बाटली रिकामी होते म्हणजे पाणी पोटातच गेलं असं कोण म्हणतं, त्यांनी विचारलं. कुठेतरी पाणी मुरतंय, एकदा शाळेत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

ताप उतरून ती शाळेत जायला लागली तशी मीही कामावर अर्धा दिवस दांडी मारून शाळेत गेले. समितीची बाई म्हणून मला कोणी अडवत नाही. सातवीच्या वर्गाबाहेरच्या पॅसेजमध्ये खांबाआड उभी राहिले. घंटा झाली. मुलांनी बाटल्या तोंडाला लावल्या, गटागटा प्यायले, निम्मं शर्टावर सांडलं. मुलींनीही बाटल्या उचलल्या. पण गळे काही हलेनात. नुसते ओठ ओले करून बाटल्या खाली. मग बाई फळ्याकडे वळल्या तशा दाराजवळच्या मुली एकेक करून बाहेर आल्या. कठड्याला रंगाच्या डब्यांमध्ये झाडं लावली होती, त्यांत त्यांनी बाटल्या ओतल्या आणि मागच्यांच्या बाटल्याही हातोहात पुढे आल्या. त्यातल्या कोरफडीची पाण्याने कुजून माती झाली होती. माझी लेकही त्याच रांगेत होती.

तिने मला पाहिलं. मी तिचा दंड धरून तिला जिन्यात नेलं. माझा आवाज चढला होता. तुझ्यासाठी आम्ही रात्री जागतोय आणि तू झाडांना पाणी पाजतेस, असलं बरंच काही बोलले. ती ऐकून घेत राहिली. मग खाली बघत म्हणाली, ‘प्यायलं की जावं लागतं ना.’

‘मग जायचं.’

‘दाराला कडी नाही.’

त्यानंतर ती हळूहळू सगळं बोलली. तिला एवढं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मुलींच्या बाथरूमच्या दारांना आधी कड्या होत्या. गेल्या वर्षी पहिलीतली एक मुलगी आत अडकली, तेव्हापासून सगळ्या काढून टाकल्या. त्यावर मुलींनी तोड काढली, एकीने आत जायचं आणि मैत्रिणीने बाहेरून दार धरायचं. पण दोघी-दोघी जाऊन गप्पा मारत बसतात म्हणून नवा नियम आला, वर्गातून एका वेळी एकीनेच जायचं. आत बसून दारापर्यंत हात पोचत नाही. पॅसेजमध्ये मुलं पकडापकडी खेळतात. एकदा एकाने दार ढकललं, आत त्यांच्याच वर्गातली मुलगी होती. पोरं कितीतरी दिवस फिदीफिदी हसत होती आणि ती मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही. त्यानंतर मुलींनी आपापसात ठरवून टाकलं की पाणीच प्यायचं नाही.

मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस?

‘तू भांडशील. मग सगळ्यांना कळेल, मीच सांगितलं म्हणून.’

खरं सांगते, हे मला फार लागलं. आतापर्यंत मला वाटायचं की माझं तोंड ही माझ्या लेकीची ढाल आहे. मी तिला शब्द दिला की ओरडणार नाही आणि तुझं नाव निघणार नाही.

मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये गेले, दार लोटून घेतलं आणि खुर्चीत बसून हळू आवाजात बोलायला लागले. माझा हळू आवाज ऐकूनच त्या सावध झाल्या. सगळं ऐकल्यावर म्हणाल्या की कड्या परत लावणार नाही. त्या कड्या त्यांनी स्वतःच्या हाताने, स्क्रू फिरवून काढल्या होत्या. ती पहिलीची पोर आत रडून रडून निळी पडली होती, दार तोडून बाहेर काढावी लागली. तिला मांडीवर घेऊन या बाई रिक्षातून दवाखान्यात गेल्या होत्या. अजून कुठे कडी वाजली की धस्स होतं, म्हणाल्या.

मला हे माहीत नव्हतं. बाई चुकल्या नव्हत्या, आणि त्याचाच मला जास्त राग आला, कारण भांडायला कोणी उरलंच नाही. कड्या काढल्या ते मुलीच्या जिवासाठी. एकेकीला सोडलं ते शिस्तीसाठी. पाण्याची घंटा आरोग्यासाठी आणि बाटल्या तपासायचं अक्कलहुशारीचं कलम माझं. एकेक नियम शहाणा, आणि सगळे मिळून आमच्या पोरींच्या मुळावर आलेले. दरवर्षी तपासणीला डॉक्टर येतात, उंची, वजन, दात, डोळे सगळं बघतात. दाराची कडी कोण बघणार?

मोठ्या बाई म्हणाल्या, ‘मी घरून निघते ना ताई, ते परत घरी पोचेपर्यंत पाणी पीत नाही. नोकरीला लागले तेव्हा शाळेत बायकांसाठी सोयच नव्हती. आता आहे. पण सवय मोडत नाही.’

मी त्यांच्याकडून एक कागद मागून घेतला. काय काय बदलता येईल ते त्यावर उतरवायला घेतलं.

मग आम्ही दोघी कामाला लागलो. मोठ्या मुलींची उंची धरून, पहिली-दुसरीच्या पोरींचा हात पोचणार नाही एवढ्या वर कडी लावायची. ती बाहेरूनही उघडता येईल अशी हवी. छोट्यांसोबत शाळेतल्या मावशी जातील. मोठ्या मुली जोडीने गेल्या तरी चालेल, गप्पा मारल्या तरीही. बाटल्या तपासणं बंद. माझा नवरा साकीनाक्याला फॅब्रिकेशनच्या गाळ्यात काम करतो. त्याने नाणं घालून बाहेरून फिरवता येईल अशा कड्या बनवल्या आणि शनिवारी शाळा सुटल्यावर बसवल्या. मोठ्या बाई पूर्ण वेळ शेजारी उभ्या होत्या. प्रत्येक दार लावून त्यांनी नाण्याने स्वतः उघडून पाहिलं, तेव्हाच पुढच्या दाराला हात लावू दिला.

पहिले काही दिवस मुली नुसत्या कडी बघायलाच जात होत्या. दिवसभर खटखट. एक-दोन शिक्षिका वैतागल्या, पण मोठ्या बाईंनी त्यांना दम धरायला सांगितलं. मग हळूहळू नवलाई ओसरली. कोणी सांगितलं, कशामुळे झालं, हे शाळेत कोणाला कळलं नाही. माझी मुलगी घरी आली की दप्तर पाठीवरच ठेवून आधी मोरीत पळायची, मी समजायचे हातपाय धुवायची शिस्त आहे. आता ती आल्यावर चप्पल काढते, दप्तर ठेवते, आजोबांशी दोन शब्द बोलते आणि मग भूक लागली म्हणते.

ताप पुन्हा आला नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासणी करून घेतली, सगळं स्वच्छ निघालं. मी त्यांची माफी मागायला गेले तर त्या हसल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. दुखण्याचं मूळ कळलं तसं सासऱ्यांनी गावाचं नाव काढणं सोडलं. मुलगी आठवीला इथेच राहिली.

परवा संध्याकाळी मी मेथी निवडत होते, ती समोर बसून गणितं सोडवत होती. वहीतून मान वर न काढता तिने विचारलं, ‘आई, तुमच्या कामावर कडी आहे?’

मी साकीनाक्याला पॅकिंगच्या कामाला जाते. आमच्या गाळ्यात आम्ही सगळ्या बायकाच आहोत. बाथरूम मात्र गल्लीच्या टोकाला, शेजारच्या गाळ्यांतल्या माणसांबरोबर सामाईक, आणि त्याच्या दाराला सुतळी बांधलेली असते. सकाळी अर्धा कप चहा घेऊन निघायचं आणि घरी आल्यावर तांब्याभर पाणी प्यायचं, हे आमचं सगळ्यांचंच वर्षानुवर्षांचं चालत आलेलं. त्याचं आम्हाला कधी काही वाटलंही नव्हतं.

आहे की, मी म्हणाले.

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा गणिताला लागली. तिला कळलं होतं आणि तिला कळलंय हे मलाही कळलं.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले आणि पिशवी खुंटीला लावून आधी माठाजवळ गेले. बाकीच्या बघत होत्या. मी एक पेला भरून प्यायले, मग दुसरा प्यायले, आणि शेठच्या केबिनचं दार वाजवलं.