हार्वेस्टरला पाठीमागून ओवाळणारी अंबूबाई

टाकवे बुद्रुकमध्ये नवी गाडी आली की पेढे कुणाचेही चालतात, हार मात्र अंबूबाईच्या हातचा लागतो. हा नियम कुणी केला ते कुणालाच ठाऊक नाही. तिचं घर कान्हे फाट्याकडून गावात येणाऱ्या रस्त्याच्या वळणावर, घरामागे झेंडूचं वावर, आणि ओट्यावर सुईदोरा घेऊन ती स्वतः. त्यामुळे गावात शिरणाऱ्या प्रत्येक नव्या चाकाला तिच्या दारावरूनच जावं लागतं. चाक थांबतं, ती हार घालते, ताट घेऊन ओवाळते, मग चाक पुढे जातं. मोटारसायकल असो, टेम्पो असो, नाहीतर जेसीबी. नवऱ्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याच्या वॉकरलाही तिने हार घातला होता, असं गावातली पोरं सांगतात. तो नवरा, म्हणजे भिमाजी आबा, हे ठामपणे नाकारतात.

"खोटं हाय," ते म्हणतात. "नुस्तं कुंकू लावलं व्हतं."

अंबूबाईचा हार म्हणजे मनगटाएवढा जाड. फुलाला फूल इतकं घट्ट बसवलेलं, की मधून दोरा दिसला तर बक्षीस लावावं. दसऱ्याला गावातले सगळे ट्रॅक्टर धुऊनपुसून तिच्या दारासमोर रांगेत उभे राहायचे. एक हार पुढे बॉनेटवर, एक मागे ट्रॉलीला या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग घरच्या बायका हळदीकुंकवाची बोटं जिथे सपाट जागा दिसेल तिथे उमटवायच्या, आणि ट्रॉलीच्या मागची ती लाल, चकाकणारी प्लास्टिकची चकती तर कुंकू लावायलाच दिलेली आहे, असा सगळ्यांचा समज होता. तेलात कालवलेलं कुंकू तिच्यावर जे बसायचं ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत.

हार काढायचाही नाही. पूजेचा हार हाताने ओरबाडत नाहीत, तो आपोआप गळतो तेव्हा गळतो. भातकापणी, मळणी, पेंढ्याची वाहतूक, सगळं उरकेपर्यंत ट्रॉल्या पाठीवर ते काळपट जाड हार घेऊन रस्त्याने फिरायच्या, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. अंबूबाईला तर अभिमानच वाटायचा. दिवाळी झाली तरी आपला हार टिकलाय, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या आठवड्यात तिचा नातू आदिनाथ तळेगावकडच्या कंपनीतून सुटून मोटारसायकलवर घरी येत होता. दिवस मावळला होता, पण अंधार म्हणावा असा पडला नव्हता. पुलाच्या अलीकडे पेंढ्याने भरलेली एक ट्रॉली रस्त्याच्या कडेला, म्हणजे निम्मी रस्त्यावरच, उभी होती. आदिनाथला ती दिसली तेव्हा तो तिच्यात घुसलाच होता. मांडीचं हाड मोडलं. आत सळई घालावी लागली, आणि पोरगं पुढचा उन्हाळा संपेपर्यंत घरात बसून राहिलं.

चहाच्या टपरीवर चौकशी समिती बसली. एकाच्या मते पोरगं फोनवर बोलत होतं. दुसऱ्याच्या मते गाडी पळवत होतं. तिसऱ्याने सगळं खापर रस्त्यावर फोडलं, कारण रस्ता टपरीवर येऊन भांडत नाही. ट्रॉली कैलासची होती. कैलास म्हणजे भावकीतलाच, अंबूबाईला काकी म्हणणारा, दोन ट्रॅक्टर बाळगून असलेला माणूस. दवाखान्यात सगळ्यांच्या आधी तोच धावला होता, त्यामुळे त्याला कुणी काही बोललं नाही.

नातवाला घरी आणल्यावर अंबूबाई एकदा कैलासच्या खळ्यात गेली आणि ट्रॉलीच्या मागे जाऊन उभी राहिली. एक बाजू चेपली होती. दुसऱ्या बाजूला हार तसाच होता, दिव्यावरून, चकतीवरून, जाडजूड. हाराच्या टोकाची गाठ तिने ओळखली. तशी गाठ मावळात दुसरं कुणी मारत नाही.

"कैलास," ती म्हणाली, "ह्यो हार माझा हाय."

"व्हय की. दसऱ्याचा."

"ह्याच्या खाली दिवा हाय."

"असंल."

"मग पोराला काय दिसायचं? झेंडू?"

कैलास जरा गोंधळला. "काकी, हार देवाच्या नावाचा अस्तो. त्याला कुटं दोष लावता?"

"देवाला हार गळ्यात घालत्यात का डोळ्यावर?"

कैलासने चहाचं विचारलं. अंबूबाई चहा न घेता घरी आली, आणि त्या दिवसापासून तिने ट्रॉलीला मागे हार बांधणं बंद केलं.

म्हणजे अगदी बंद नाही. पुढे घालायची, जाडच घालायची. मागच्या हारासाठी मात्र तिने शिंप्यासारखं माप घ्यायला सुरुवात केली. सुतळी घेऊन ट्रॉलीमागे वाकायची, एका दिव्याच्या आतल्या कडेपासून दुसऱ्या दिव्याच्या आतल्या कडेपर्यंत धरायची, आणि तेवढाच हार ओवायची. कुंकू दिव्याशेजारच्या पत्र्यावर. "कुंकू कपाळाला लावत्यात, बुबुळाला न्हाई," हे तिचं वाक्य गावात इतकं फिरलं की पोरं एकमेकांना चिडवताना वापरू लागली. जुने हार तर तिने विळ्याने कापून नदीत सोडायला सुरुवात केली, मालकाला न विचारता. त्यावरून दोनचार घरांशी बोलाचाली झाली. एकाने तर आबांपाशी तक्रार नेली.

"आबा, आमच्या ट्रॉलीचा हार कापला काकूनी."

"तुझा हारच कापला न्हवं," आबा म्हणाले, "मग नशीबवान हाईस. माझा तर विडीचा कट्टाच नदीत गेला."

यंदा श्रावण सरल्यावर आदिनाथ पुन्हा कामावर जायला लागला. तीच मोटारसायकल, तोच रस्ता, परत यायची तीच वेळ. जरा लंगडतो, पण गाडी चालवायला लंगडेपणा आडवा येत नाही. अंबूबाई रोज दिवस कलला की ओट्यावर येऊन बसायची. हातात सुई असायची, फुलं असायची, पण हार पुढे सरकायचा नाही.

आणि अशात कैलासने हार्वेस्टर घेतला.

मजूर मिळत नाहीत, भात उभं राहून झडतं, हे खरंच होतं. मशीन रस्त्यावर आलं की समोरच्याला शेतात उतरावं लागेल एवढं रुंद आहे, हेही खरं होतं. दसऱ्याच्या दिवशी सोमाटण्याहून मशीन आणायचं, कान्हे फाट्यापासून गावातले सगळे ट्रॅक्टर मागेपुढे घेऊन मिरवणूक काढायची, असा त्याचा बेत. आठवडाभर आधी तो ओट्यावर येऊन बसला.

"काकी, मागनं एकदम गच्च हार पाह्यजे. ह्या कडंपासनं त्या कडंपतूर. रील काढायची हाय."

"माप आण."

"कशाचं?"

"दिव्याच्या मधल्या जागंचं."

"मधल्या जागंत लंगोटीएवढा हार बसंल, काकी. लोक हसत्याल."

"हसू दे. हसणाऱ्याचं हाड मोडत न्हाई."

कैलास उठला. जाताना म्हणाला, "तुमच्यानी व्हत नसंल तर तळेगावच्या मंडईत लय हार हाईत." हे वाक्य तिला टोचेल असं त्याला वाटलं होतं. टोचलंही. पण तिने सुईत दोरा ओवला आणि वर बघितलं नाही.

दसऱ्याला मशीन यायला उशीर झाला. फटाके, बेंजो, फाट्यावरचा नाश्ता, सगळं आटोपून मिरवणूक वळणावर आली तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. पुढे ट्रॅक्टर, मग बेंजोवाले, मग शेवटी हार्वेस्टर, म्हणजे त्याचा थाट पूर्ण दिसावा. वर लखन बसलेला, वरच्या ठाकरवाडीतला, हात चांगला असलेला ड्रायव्हर. मशीनच्या मागे सुट्टीला धबधबे बघायला आलेल्या मोटारींची रांग, आणि त्या रांगेत कुठेतरी मोटारसायकली.

मशीन दारात थांबलं. अंबूबाईने पुढे हार घातला, तो मनगटाएवढाच होता. ओवाळलं, टायरला नारळ वाढवला. कैलासच्या तोंडावर सुटल्याचा भाव दिसला. बेंजोवाल्याने काठी उचलली.

"थांबा," अंबूबाई म्हणाली. "मागनं राह्यलंय."

"मागनं कुटं ओवाळत्यात, काकी?"

"आजपासनं ओवाळत्यात."

ती ताट घेऊन मशीनला वळसा घालून गेली. मागे जे होतं ते बघण्यासारखं होतं. दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, त्यांच्यामध्ये मंडईतला गच्च हार, आणि हाराच्या खाली मशीनची पूर्ण पाठ झाकणारा फ्लेक्स. फ्लेक्सवर कैलास गॉगल लावून हात जोडून उभा, भोवती त्याचे मित्र, चुलते, मेव्हणे, आणि 'हार्दिक अभिनंदन'. एवढ्या गर्दीत कैलासच्या बायकोचा, सविताचा, फोटो मात्र कुठे नव्हता.

अंबूबाई ताट धरून उभी राहिली. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं.

"ह्याचं डोळं कुटं हाईत?"

"काकी, उशीर व्हतोय."

"मला कुंकू लावायचंय. दिवा दिसंना. दिवा कुटंय ते दाव, त्याच्या शेजारी लावती आन् मोकळी व्हती."

आता इथे एक गोष्ट अशी, की औक्षण अर्धं टाकून गाडी हलवत नाहीत. नवी गाडी तर नाहीच, आणि दसऱ्याला तर विचारही नको. बेंजोवाले ते जाणत होते, लखन जाणत होता, आणि सगळ्यांत जास्त कैलास जाणत होता, कारण मशीन घेण्याआधी त्याने तीन ज्योतिष्यांकडून मुहूर्त काढून घेतला होता. निरांजन तेवत होतं आणि अंबूबाई हलत नव्हती. मागच्या मोटारीतून हॉर्न सुरू झाले. एक चष्मेवाला तरुण खाली उतरून म्हणाला, "आजी, प्लीज, आम्हाला मुक्कामावर पोचायचंय."

ओट्यावरून भिमाजी आबा म्हणाले, "पोचशील बाबा. हे मशीन अंधारात दिसलं तर पोचशील."

तरुणाने मशीनकडे बघितलं. खरोखरच, उतरत्या उजेडात समोर एक राखाडी भिंत होती आणि भिंतीवर गॉगल घातलेला माणूस. तो गाडीत जाऊन बसला.

"लखन," कैलास खालच्या आवाजात म्हणाला, "घे हळूच पुढं."

लखनने स्टिअरिंगवरचे हातच काढून घेतले. "मी न्हाई, भाऊ. आरती मोडून मी न्हाई घेनार. उंद्या काय झालं तर तुमी माझंच नाव सांगताल."

तेवढ्यात सविता पुढे आली. साडीचा पदर खोचला, चाकावर पाय देऊन वर चढली आणि फ्लेक्सची दोरी दातांनी सोडायला लागली.

"अगं, काय करती?"

"आत्याबाईंना दिवा दावती," सविता म्हणाली. "तुमचा फोटो काय, घरी लावू की. पडवीत लय जागा हाय."

फ्लेक्स खाली आला. मग हार कापला, केळीचा एक खुंट बाजूला केला. मागून दोन्ही लाल दिवे निघाले, कोरे करकरीत, अजून प्लास्टिकचा कागद चिकटलेला.

"लाव आता," अंबूबाई लखनला म्हणाली.

लखनने एक बटण दाबलं. काचेवरचा वायपर फिरायला लागला. दुसरं दाबलं, तर असा भोंगा वाजला की बेंजोवाला दचकला. माणसं हसली. लखनने शोरूमवाल्याला शिवी घातली आणि तिसरं बटण दाबलं. मागचे दिवे लागले, दोन्ही एकदम, आणि मोटारींच्या रांगेतल्या पहिल्या काचेवर तांबडं चमकलं.

अंबूबाईने दिव्यांच्या शेजारी, पत्र्यावर, कुंकवाचं एकेक बोट टेकवलं. ओवाळलं. घाई केली नाही.

रांगेतून एक मोटारसायकल कडेकडेने पुढे आली. आदिनाथ, दसऱ्यालाही कामावर गेलेला. हेल्मेटची काच वर करून म्हणाला, "आजी, आटप की. भूक लागलीय."

तिने त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ रस्त्याकडे बघायचं राहूनच गेलं होतं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

"मागनं कवा आलास?"

"मगाधरनं उभा हाय. पार पुलापाशी थांबायला लागलं. तितनं कायबी दिसत न्हवतं, मला वाटलं पुढं रस्ताच बंद केलाय."

कैलास जवळच उभा होता. त्याने हे ऐकलं. फ्लेक्सची गुंडाळी त्याने या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"दारात लाव गाडी," अंबूबाई नातवाला म्हणाली. "मशीनला फुडं जाऊ दे."

मिरवणूक निघाली. हार्वेस्टर वळणावरून गावाकडे गेला, आणि त्याच्यामागून मोटारी अंतर राखून, एकीमागे एक, गेल्या.

कैलास काकीशी दिवाळीपर्यंत बोलला नाही. दिवाळीची फुलंही त्याने वडगावहून आणली. मशीन मात्र कापणीला निघतं तेव्हा सविता आधी फडकं घेऊन मागचे दिवे पुसते, आणि ते पुसून होईपर्यंत लखन चावी फिरवत नाही. बाकीच्या ट्रॅक्टरवाल्यांपैकी निम्म्यांनी सुतळीचं माप आणून दिलं. निम्म्यांनी नाही दिलं. त्यांच्या ट्रॉल्या अजून तशाच, कुंकवाने माखलेल्या फिरतात, आणि अंबूबाईचा विळा त्यांच्या मागावर असतो.

संध्याकाळी आदिनाथची गाडी दारात लागेपर्यंत ती ओट्यावरून उठत नाही. त्यात काही फरक पडलेला नाही.