वाळूतली रताळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. दरवर्षी उपवासकाळात पापनिवेदनाला जाते, फादरांच्या जाळीपुढे गुडघे टेकते, सासूवर चिडले, शेजारणीची चहाडी केली, असलं फुटकळ सगळं सांगून मोकळी होते. हे एक मात्र – ओठांपर्यंत येतं आणि मी गिळून टाकते.

आणि मी काही अबोल बाई नव्हे. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं माझा नवरा, पीटर, सगळ्यांना सांगत फिरतो. बिचारा.

वसईहून आम्ही बहारीनला आलो ते त्याच्या नोकरीमुळे. झल्लाकच्या एका हॉटेलात तो ग्रिलवर होता. निखाऱ्यावर नुसता हात धरून त्याला कळायचं, मासा कधी टाकायचा ते. घरी आमच्या व्हिलामागे छोटं अंगण, भिंतीलगत वाळू आणि एक बोरीचं झाड. इथे रविवारी ऑफिसं चालू असतात, म्हणून ईस्टर आम्ही पुढच्या शुक्रवार-शनिवारी साजरा करायचो. शुक्रवारी सकाळी मिस्सा, मग आपल्या लोकांची रस्सीखेच, हाउजी, संध्याकाळी आमच्या अंगणात बार्बेक्यू. शनिवारी सकाळी पोरांचा खेळ – अंगणात लपवलेली ईस्टरची अंडी शोधायची. हवा तेवढ्याच दिवसांत काय ती बरी. पुढे उन्हाळा लागला की खलास.

त्या वर्षी आमची मिशेल सात वर्षांची होती. शनिवारी सकाळी पोरं अनवाणी धावत होती, आम्ही मोठी माणसं चहा घेत ओरडून त्यांना चिडवत होतो. मिशेलला भिंतीशी उकरलेली वाळू दिसली. उकरलेली वाळू म्हणजे खाली अंडं – पोराला दुसरं काय वाटणार? ती गुडघ्यांवर बसली आणि तिने डावा हात मनगटापर्यंत आत खुपसला.

ती किंचाळली तेव्हा मला वाटलं, तिला अंडं सापडलं. मी टाळी वाजवली. कळतंय ना तुम्हाला? मी टाळी वाजवली.

वाळूत निखारे होते. आदल्या संध्याकाळी पीटरने शेगडीतले कोळसे त्याच भिंतीशी ओतले होते, सगळ्यांच्या देखत. झेवियर, त्याचा दोस्त, वाळूतला तो लाल ठिपका बघून म्हणाला, "अरे पीटर, पाणी नाय ओतलंस?" पीटरचा चेहरा पांढराफटक पडला. "ओतलं होतं रे..." एवढंच तो म्हणाला, पोरीला उचललं, नळाखाली तिचा हात धरला आणि गाडीकडे पळाला.

थांबा. आता सांगते.

ते निखारे त्याचे नव्हते. ते माझे होते. संध्याकाळी तो बादली भरायला गेला तेव्हा मी चिमट्याने थोडे रसरशीत निखारे उचलले, त्याच भिंतीशी पण हातभर पलीकडे खड्डा करून रताळी पुरली, वर निखारे, वर वाळू. लहानपणी आम्ही वाडीत अशीच भाजायचो. सगळे परत खायला बसले की गरमगरम काढून चकित करू, असं मनात होतं. आणि मग गप्पांत विसरले. पूर्ण विसरले.

विसरणं काही गुन्हा नव्हे, असं म्हणाल. पण माझी आई रोज रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकायची आणि सकाळी एका फुंकरीने जागा करायची. झाकलेला निखारा विझत नाही, हे मला नाही तर कुणाला माहीत असणार?

आणि तेही सोडा. माझी चूक ती नव्हेच.

गाडीतून पीटर ओरडला, "तिचं सीपीआर घे!" सीपीआर म्हणजे इथलं ओळखपत्र, हॉस्पिटलात त्याशिवाय पान हलत नाही. मी आत धावले, कार्ड घेतलं, बाहेर आले. सगळी माणसं फाटकाशी गोळा झालेली. अंगण रिकामं. आणि मी गाडीकडे नाही गेले – मी भिंतीकडे गेले. पळीने वाळू उकरली, काळी ठिक्कर पडलेली रताळी काढली, कचऱ्याच्या डब्यात कागदी प्लेटांखाली दडपली. पीटर हॉर्न वाजवत होता. मिशेलचं रडणं मला ऐकू येत होतं. आई होते ना मी तिची? माझेच हात होते ना ते? इतके शांत कसे होते? आजही स्वयंपाक करताना मध्येच थांबून हातांकडे बघते.

हॉस्पिटलच्या बाकावर त्याने मला विचारलं, "तू दारात होतीस ना? मी पाणी ओतलं होतं ना गं?"

मी म्हणाले, "घाईत होतास तू."

खोटं बोलायला किती वेळ लागतो हो? मला वाटायचं, माणूस आधी अडखळत असेल.

मिशेलच्या डाव्या हाताची दोन बोटं अजून पुरती सरळ होत नाहीत. पीटरने त्याच महिन्यात ग्रिल सोडून हॉटेलच्या स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. कांदे-बटाटे मोजत बसतो. घरात गॅसजवळही जात नाही; चहासुद्धा मीच ठेवते.

यंदा मिशेल शिकायला परदेशी निघाली. तिच्या हट्टापायी कितीतरी वर्षांनी परवा अंगणात पुन्हा शेगडी पेटली – झेवियरने पेटवली. जेवणं झाल्यावर पीटर बादली घेऊन आला. पाणी ओतलं. परत ओतलं. मग खाली बसून त्या काळ्या चिखलात उघडा हात घालून तो ढवळत राहिला.

मिशेल हसली. "पप्पा, इट्स डेड. लीव्ह इट नाऊ."

"तेव्हापण मला असंच वाटलं होतं, बेटा," तो म्हणाला. मान वर न करता.

तेव्हा तू पाणी ओतलं होतंस, पीटर. दोन बादल्या. मी दारातून पाहिलं होतं.

मी उष्ट्या प्लेटा गोळा केल्या आणि आत गेले.