क्लेटनच्या पुढे, बर्फात

माझे यजमान गेल्यानंतरही मी देवघरात रोज दिवा लावत होते, पण तो हाताच्या सवयीने लागत होता. मन त्यात नव्हतं. टेक्सासमधल्या प्लेनोच्या घरात आम्ही दोघीच उरलो होतो, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही सगळे माई म्हणतो. मुलाच्या आजारपणात त्या मिरजेहून आल्या आणि तो गेल्यावर परत गेल्याच नाहीत. "तू इथे एकटी काय करशील?" एवढंच म्हणाल्या. रोज आंघोळ झाली की दत्ताच्या तसबिरीपुढे बसून त्या जप करायच्या. आवाज अगदी हळू असायचा, पण ऑफिसच्या गडबडीत डबा भरताना तो मला ऐकू यायचा आणि मनात कडवट विचार यायचा. ज्याने पोटचा मुलगा नेला, त्याचंच नाव ही बाई इतक्या मायेने कसं घेऊ शकते? विचारण्याचं धाडस मात्र मला कधी झालं नाही. त्यांच्याजवळ उरलेली एकमेव गोष्ट आपल्या प्रश्नाने मोडेल, अशी भीती वाटायची.

माझी मुलगी ऋचा डेन्व्हरला असते. तिचे दिवस भरायला अजून बराच अवकाश होता, पण जानेवारीतल्या एका संध्याकाळी जावयाचा, केदारचा, फोन आला. "आई, तिचं बीपी खूप वाढलंय. डॉक्टर म्हणतायत, फार थांबता येणार नाही. बहुतेक उद्याच बाळ बाहेर काढतील." त्याचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. मी लगेच विमानाची तिकिटं शोधायला बसले. रॉकीज पर्वतांवर मोठं हिमवादळ येणार म्हणून विमान कंपन्यांनी दुसऱ्या दिवशीच्या फ्लाइट्स आधीच कॅन्सल केल्या होत्या. हवामानाच्या अंदाजात मात्र होतं की आम्हाला ज्या भागातून जायचं तिथे बर्फ रात्री उशिरा सुरू होईल. पहाटे निघालं तर दिवस मावळायच्या आत डोंगर ओलांडता आला असता. तो रस्ता यजमानांबरोबर मी उन्हाळ्यात अनेकदा चालवला होता. मी बॅग भरायला घेतली, तर माई आधीच स्वेटर, शाल आणि बाळंतिणीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन दारात बसलेल्या. "मला सोडून जायचा विचारसुद्धा करू नकोस," त्या म्हणाल्या.

पेट्रोलची टाकी भरून घेतली. गाडीत ब्लँकेटं, पाणी आणि काचेवरचा बर्फ खरवडायचं स्क्रेपर टाकलं. अमरिलोपर्यंत आकाश इतकं निळं होतं की आपण उगीच घाबरलो असं वाटलं. टेक्सास संपून न्यू मेक्सिकोत शिरलो आणि क्लेटन नावाच्या छोट्या गावात चहासाठी थांबलो. तिथून ऋचाला फोन लावला. "आई, मी ओके आहे. प्लीज स्लो ये. डोंट बी अ हीरो," ती म्हणाली आणि मध्येच रडायला लागली. दुकानाच्या काउंटरवरच्या बाईंना मी रस्त्याचं विचारलं. त्यांनी फोनवर पाहून सांगितलं की पुढचा रस्ता उघडा आहे, वादळ अजून लांब आहे. आम्ही निघालो.

त्या गावाच्या पुढे मैलोगणती काही नाही. दोन्ही बाजूंना गवताची माळरानं, तारांची कुंपणं आणि लांबवर जुन्या ज्वालामुखींच्या टेकड्या. अर्धा-पाऊण तास गेला असेल. उत्तरेकडच्या टेकड्या दिसेनाशा झाल्या. मला वाटलं, ढग उतरलेत. मग पाहता पाहता रस्त्यावरून बर्फाची भुकटी सापासारखी सरपटत आडवी जायला लागली आणि काही मिनिटांत ती उठून काचेवर आली. अंदाजात रात्री येणारं वादळ भर दुपारी आमच्यावर येऊन कोसळलं होतं.

मी टेक्सासची ड्रायव्हर. बर्फ पाहिला होता, पण असा नाही. मी वेग कमी करत गेले, तरी एका वळणावर गाडीचा मागचा भाग सरकला. ब्रेक दाबायला पाय शिवशिवत होता. पण यजमानांनी कधीतरी सांगितलेलं कानात होतं, की गाडी घसरली तर ब्रेक दाबायचा नाही, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पायही काढून घ्यायचा आणि जिथे जायचंय तिकडे स्टिअरिंग धरायचं. मी दोन्ही पाय उचलून घेतले. गाडी क्षणभर कुणाचीच नव्हती, मग हळूच सरळ झाली. शेजारी माईंचा जप चालूच होता. त्यानंतर तर बॉनेटसुद्धा दिसेना. रस्त्याच्या कडेला खाचांची पट्टी असते, चाक तिच्यावर गेलं की घरघर आवाज होतो. त्या आवाजाच्या आधाराने मी गाडी रस्त्यावरून पूर्ण बाजूला घेतली, लुकलुकणारे दिवे चालू केले आणि थांबले. फोनला रेंज नव्हती.

अशा वेळी गाडी सोडून जायचं नाही हे मला माहीत होतं. थोडा वेळ इंजिन चालवायचं, गाडी गरम झाली की बंद करायचं, खिडकी बोटभर उघडी ठेवायची. पुन्हा इंजिन लावायच्या आधी सायलेन्सरचा पाइप बर्फाने बुजला नाही ना हे बघायचं, नाहीतर विषारी धूर आत येतो आणि माणसाला झोप लागल्यासारखं होऊन सगळं संपतं. बाहेर नुसता पांढरा घोंघाट होता. आकाश नाही, जमीन नाही, पुढे-मागे काही नाही. मला ऋचाचा चेहरा दिसत होता आणि मनात राग उसळत होता. मी माईंना विचारलंच, "माई, एवढं होऊनही तुम्हाला त्याचं नाव घ्यावंसं वाटतं?"

काय विचारलं ते त्यांना बरोबर कळलं. "त्याला काही मागायला नाही गं घेत. नाव घेतलं की माझे हात थरथरत नाहीत, एवढंच." मग माझ्या हातावर त्यांनी हात ठेवला. तो खरंच स्थिर होता.

इंजिन पुन्हा लावायची वेळ झाली तेव्हा पाइप बघायला मी खाली उतरले. गाडीला एका हाताने धरून मागे गेले. बर्फ पाइपच्या वरपर्यंत साठला होता. स्क्रेपरने आणि हातांनी तो उकरून काढला, उभी राहिले आणि वाऱ्याच्या एका झोताने माझा पाय सुटला. रस्त्याच्या कडेच्या उतारावरून मी घरंगळत खाली गेले. लागलं काहीच नाही, बर्फ मऊ होता. पण उठून उभी राहिले तर गाडी नव्हती. कुठल्या बाजूने पडले तेही कळेना. लुकलुकणारे दिवे दिसेनात. "माई!" म्हणून ओरडले, तर आवाज ओठांवरूनच वाऱ्याने नेला. मी एका दिशेने चालायला लागले, गुडघाभर बर्फात गेले, मग वाटलं चुकले, म्हणून उलटी फिरले. माझ्याच पावलांच्या खुणा बुजून गेल्या होत्या. गाडी हाकेच्या अंतरावर होती आणि मी तिथे मरू शकत होते, हे मला अगदी शांतपणे, दुसऱ्याच कुणाबद्दल असावं तसं समजलं.

त्या क्षणी मला पळायचं होतं. सगळं अंग पळ म्हणत होतं. का ते सांगता येत नाही, पण मी थांबले. हात खाली सोडले. प्रार्थना अशी मी केली नाही, कुठलाही मंत्र आठवला नाही. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मला काही दिसत नाही. आता तूच बघ." यजमान गेल्यापासून मी देवाशी बोललेले ते पहिले शब्द होते.

आणि हॉर्न वाजला.

लांबलचक, खोल, छातीत घुमणारा. बोटीचा भोंगा असावा तसा. मी आवाजाच्या दिशेला तोंड केलं आणि तिथून हलले नाही. थोड्या वेळाने तो पुन्हा वाजला, त्याच बाजूने. मी त्या आवाजाकडे चढायला लागले, कधी हातांवर, कधी गुडघ्यांवर. तो थांबला तरी ती दिशा मी अंगात धरून ठेवली होती. मग माझा पुढे केलेला हात कशावर तरी आपटला. पत्रा होता. आमच्या गाडीचा मागचा दरवाजा होता.

आत शिरले तेव्हा माई पुढच्या सीटवर ताठ बसल्या होत्या, चेहरा पांढराफटक. मी त्यांच्या गळ्यात पडले. "माई, बरं झालं तुम्ही हॉर्न वाजवलात."

"मी नाही गं वाजवला. मला तो कुठे असतो ते तरी माहीत आहे का? लांबून कुठून तरी आला." त्यांनी माझे गार हात आपल्या शालीत घेतले. त्यांचे हात आता थरथरत होते. "तू दिसेनाशी झालीस आणि माझ्या तोंडून देवाचं नावच निघेना. इतक्या वर्षांचा जप, पण एक अक्षर आठवेना. नुसतं तुझंच नाव घेत बसले होते."

आम्ही दोघी एकमेकींना धरून रडलो. त्यांचा मुलगा, माझा नवरा गेला, तेव्हाही आम्ही अशा एकत्र रडलो नव्हतो.

संध्याकाळ व्हायच्या आधी वारा थोडा पडला. समोरच्या पांढऱ्यात काहीतरी मोठं, काळसर उभं असल्याचं दिसलं. आमच्या पुढे रस्त्याच्या कडेला एक अजस्र मालट्रक थांबलेला होता. त्याचा ड्रायव्हर मागे इशाऱ्याचे लाल त्रिकोण ठेवायला उतरला आणि आमची गाडी पाहून दचकला. त्याने काचेवर टकटक केलं. पांढरी दाढी असलेला, साठीच्या पुढचा अमेरिकन माणूस. "देवा रे, तुम्ही इथे आहात हे मला माहीतच नव्हतं," तो इंग्रजीत म्हणाला. त्याने माईंना जवळजवळ उचलूनच ट्रकच्या केबिनमध्ये नेलं. आत ऊब होती, मागे झोपायला बिछाना होता. त्याने आपली जाड रजई माईंवर घातली. माईंनी डबा उघडून त्याच्या हातावर डिंकाचा लाडू ठेवला. त्याने एक घास घेतला, डोळे मोठे केले आणि दुसरा मागून घेतला.

मी त्याला हॉर्नबद्दल विचारलं.

"हो, मीच वाजवला," तो जरा ओशाळून म्हणाला. "मी असं कधी करत नाही. बराच वेळ झाला होता थांबून, बाहेर काही दिसत नव्हतं. एकदम वाटलं, कुणीतरी बाहेर असेल. का वाटलं विचारू नका. दोन-तीनदा वाजवला आणि मग स्वतःचंच हसू आलं. म्हटलं, या वादळात कोण असणार?"

मी त्याला सगळं सांगितलं. त्याने टोपी काढली आणि बराच वेळ ती हातात फिरवत बसला. माईंना इंग्रजी फारसं येत नाही, पण त्यांना कळलं होतं. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याने मान खाली घातली.

रात्र आम्ही त्या केबिनमध्येच काढली. सकाळी बर्फ काढणारं यंत्र येऊन गेलं. बाहेर पाहिलं तर सगळा माळ सूर्यात असा चमकत होता की डोळे उघडवेनात. जिथे मी हरवले होते तो उतार इतका लहान होता की मला हसू आलं आणि मग अंगावर काटा आला. ड्रायव्हर म्हणाला, "मी पुढे जातो. माझे दिवे दिसतील इतपत अंतर ठेवा, जवळ येऊ नका. घाई नको." रॅटन या पुढच्या गावापर्यंत तो आमच्यासाठी आपला ट्रक हळूहळू चालवत राहिला. तिथे आम्हाला उत्तरेकडे वळायचं होतं, त्याला दुसरीकडे. त्याने खिडकीतून हात हलवला आणि गेला. नंबर घ्यायचं मला सुचलंच नाही.

रॅटनला फोनला रेंज आली. केदार ओरडलाच, "आई, तुम्ही कुठे आहात? मुलगी झाली! ऋचा बरी आहे." बाळ लहान होतं, काचेच्या पेटीत ठेवलं होतं, पण स्वतःहून श्वास घेत होतं. नंतर कुणी कुणी मला विचारलं की बाळ जन्मलं ती वेळ आणि हॉर्नची वेळ एकच होती का. मी ती कधी जुळवून पाहिली नाही. मला त्याची गरज वाटली नाही.

आता वादळाचा अंदाज असला की मी गाडी काढत नाही, आणि निघाल्यावर आभाळ फिरलं तर वेळेत थांबते. थांबणं म्हणजे हरणं नव्हे, हे मला त्या माळावर समजलं. मी पळत राहिले असते तर कुणाचाही हॉर्न मला गाडीपर्यंत आणू शकला नसता. थांबल्यामुळे मला ऐकू आलं. एवढंच माझ्या हातात होतं, बाकी काहीच नव्हतं.

माईंचा जप पुन्हा सुरू झाला आहे आणि हल्ली मी त्यांच्याजवळ जाऊन बसते. माझ्या सगळ्या शंका संपल्या असं मी म्हणणार नाही. माझे यजमान का गेले, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. मी हाक मारली आणि देवाने ऐकली, असंही छातीठोकपणे सांगण्याची माझी योग्यता नाही. ज्याने हॉर्न वाजवला त्या माणसाला तर माझी हाक ऐकूच आली नव्हती. त्याने मला पाहिलं नव्हतं, मी आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं. तरीही त्याचा हात उठला. तो हात कुणी उचलला, हा विचार मनात आला की शब्द थांबतात, आणि मी नुसती हात जोडून बसून राहते.